शोमरोन एका वेढ्यात पडले नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत इस्राएलच्या ‘हरवलेल्या दहा वंशां’वरचा लेख वाचला. बायबलमधल्या जुन्या राज्यांवर मराठीत कुणी एवढे पानभर लिहिते, याचाच आधी आनंद झाला. पण उत्तरेकडच्या इस्राएल राज्याचा शेवट त्यात तीन वाक्यांत उरकला आहे. लोक मूर्तिपूजेला लागले, इ. स. पू. ७२२ मध्ये अश्शूरने (असिरियाने) शोमरोन ही राजधानी घेतली, आणि दहाही वंश नाहीसे झाले. यातले पहिले वाक्य बायबलच्या निकालाचे आहे, दुसरे बरोबर आहे, तिसरे चूक आहे. आणि हे राज्य बुडाले कसे, ते तर कुठे आलेलेच नाही.

मी सरकारी लेखापरीक्षणातून निवृत्त झाले. वडील पाळक होते, त्यामुळे बायबलमधली राजांची दोन्ही पुस्तके लहानपणीच कानांवरून गेली. नीट वाचली मात्र नोकरीत पडल्यावर. बाकीचे वाचक एलीया आणि ईजबेलीपाशी रेंगाळतात. मी कुठे किक्कार किंवा शेकेल (रुपे तोलायची जुनी वजने) दिसले की थांबते. या सवयीमुळे मला हे राज्य वेढ्याच्या तीन वर्षांत नव्हे, तर त्याआधीच्या रकमांत बुडताना दिसते. म्हणून हे पत्र.

सुरुवात राजधानीपासून करते. अम्री राजाने शेमेर नावाच्या माणसाकडून दोन किक्कार रुप्याला एक टेकडी विकत घेतली आणि तिच्यावर शोमरोन वसवले (१ राजे १६). हा काळ इ. स. पू. ८८० च्या आसपासचा. त्या काळी नाणी नव्हती, रुपे तोलून देत. पुढे दीडशे वर्षे होण्याच्या आतच त्याच शोमरोनातल्या मनहेम नावाच्या राजाने अश्शूरच्या राजाला एका वेळी हजार किक्कार रुपे दिले (२ राजे १५). टेकडीच्या पाचशे पट. या दोन नोंदींच्या मध्ये काय झाले, ते कळले की शेवट बराचसा उलगडतो.

अम्रीला बायबल सहा वचने देते. राजांच्या पुस्तकाचा लेखक म्हणजे शेरा मारणारा अधिकारी. ‘परमेश्वराच्या दृष्टीने जे वाईट ते त्याने केले’ हा शेरा जवळजवळ प्रत्येक उत्तरी राजापुढे आहे, आणि तपशील हवा असेल तर ‘इस्राएलच्या राजांच्या इतिहासाच्या ग्रंथात’ पाहा, असे तो स्वतःच सांगतो. ती मूळ वही आज कुणाकडे नाही. पण अश्शूरच्या लेखनिकांनी त्यांच्या बाजूच्या नोंदी दगडावर आणि मातीच्या विटांवर ठेवल्या, आणि त्यातल्या बऱ्याच एकोणिसाव्या शतकापासून वाचता येऊ लागल्या. त्यांत हे राज्य शंभराहून अधिक वर्षे ‘अम्रीचे घराणे’ या नावाने येते. गंमत म्हणजे अम्रीच्या वंशाची कत्तल ज्याने केली, त्या येहूलाही अश्शूरचा राजा शल्मनेसर तिसरा याच्या काळ्या स्तंभावर ‘अम्रीचा पुत्र’ म्हटले आहे. एकदा खात्याचे नाव पडले की मालक बदलला तरी कारकून ते बदलत नाही, हे मला अनुभवाने ठाऊक आहे!

अम्रीचा मुलगा अहाब. इ. स. पू. ८५३ मध्ये करकर येथे शल्मनेसर तिसऱ्याविरुद्ध सीरिया-पॅलेस्टाइनच्या राजांची जी आघाडी उभी राहिली, तिच्यात अहाबाचे २,००० रथ आणि १०,००० शिपाई होते असे शल्मनेसरचा शिलालेख म्हणतो. रथांचा आकडा फुगवलेला असावा असे पुष्कळ अभ्यासकांना वाटते, आणि शत्रू मोठा दाखवण्यात विजेत्याचाही फायदा असतोच. तरी निम्मा धरला तरी हे काही मामुली राज्य नव्हे. बायबलमध्ये या लढाईचा उल्लेखच नाही. बारा वर्षांनी, ८४१ मध्ये, येहू त्याच शल्मनेसरापुढे नमला आणि सोने, रुपे, सोन्याच्या वाट्या, बादल्या, कथील अशी खंडणी देऊन मोकळा झाला. बायबलमध्ये तेही नाही. पुढे अश्शूरचे लक्ष दुसरीकडे गेले तसे दिमिष्कच्या (दमास्कसच्या) हजाएल राजाने इस्राएलला इतके झोडपले, की येहूच्या मुलाकडे ५० स्वार, १० रथ आणि १०,००० पायदळ उरले. हा आकडा मात्र बायबलचाच आहे (२ राजे १३). दोन हजारांवरून दहा! पडझड म्हणायची तर ती इथे होती, आणि इथून हे राज्य सावरलेसुद्धा.

कसे सावरले? अश्शूरच्याच हाताने. अदाद-निरारी तिसऱ्याने दिमिष्कला चिरडले आणि इस्राएलच्या पाठीवरचा भार उतरला. त्याला खंडणी देणाऱ्यांत ‘शोमरोनचा योआश’ आहे. तो शिलालेख १९६७ मध्ये इराकमधल्या तेल अल-रिमा येथे सापडला. आणि मग अश्शूरच थकले. त्यांच्या वर्षवार यादीत ७६५ आणि ७५९ या वर्षांपुढे रोगराईची नोंद आहे, मध्ये बंडे आहेत, आणि ७६३ च्या १५ जूनचे सूर्यग्रहण आहे. त्या ग्रहणाच्या आधारानेच आज आपण ही सगळी सालवारी एवढ्या खात्रीने लावतो. दिमिष्क मोडलेले, अश्शूर घरच्या भांडणात अडकलेले. या मोकळ्या चाळीस-एक वर्षांत दुसरा यराबाम शोमरोनच्या गादीवर होता.

त्याने ४१ वर्षे राज्य केले. उत्तरेच्या एकोणीस राजांत इतकी वर्षे दुसऱ्या कुणाला मिळाली नाहीत. हमाथच्या वाटेपासून मृत समुद्रापर्यंत त्याने सीमा परत मिळवली. आणि राजांच्या पुस्तकात त्याच्या वाट्याला येतात सात वचने. आपल्या लेखकांच्या हे ध्यानात आले नसेल तर नवल नाही. घाईने वाचणाऱ्याला ती ओलांडल्याचेही कळत नाही.

पण या काळाची दफ्तरे थोडीफार मिळाली आहेत. १९१० मध्ये हार्वर्ड विद्यापीठाच्या उत्खननात शोमरोनच्या राजवाड्याच्या परिसरात शाईने लिहिलेली शंभरच्या आसपास खापरे सापडली. बहुतेक तज्ज्ञ ती यराबामाच्या किंवा त्याच्या बापाच्या काळातली मानतात. त्यांवर काय आहे? पावत्या! अमुक राज्यवर्ष, अमुक गाव, अमुक माणसाच्या नावे जुन्या द्राक्षारसाचा एक घडा. अमुक गावाहून शुद्ध तेलाचा एक घडा. राजधानीभोवतालच्या गावांतून माल येत होता आणि कुणीतरी तो दारात उभा राहून लिहून घेत होता. या खापरांवरच्या माणसांच्या नावांत काही नावे परमेश्वराची आहेत, काही बाल या कनानी देवाची. होशेय संदेष्टा ज्या सरमिसळीवर चिडला आहे ती एका मातीच्या तुकड्यावर अशी निमूटपणे समोर येते. हा माल राजाचा कर होता, की राजधानीत राहणाऱ्या जमीनदारांना आपल्या गावाकडून येणारे उत्पन्न होते, यावर वाद आहे. मला दुसरे अधिक पटते. काही झाले तरी दिशा एकच दिसते: गावातून टेकडीवर.

टेकडीवर काय चालले होते, तेही कळते. १९३० च्या दशकातल्या उत्खननात तिथे हस्तिदंताचे कोरीव तुकडे शेकड्यांनी निघाले: कमळे, पंखांचे प्राणी, फिनिशियन कारागिरी. पलंगांना, आसनांना, पेट्यांना जडवायचे नक्षीकाम. आणि नेमके हेच आमोस संदेष्टा सांगतो: हस्तिदंती पलंगांवर लोळणारे, कळपातली कोकरे खाणारे, वाडगेच्या वाडगे द्राक्षारस पिणारे (आमोस ६). आमोस हा दक्षिणेच्या तकोवाचा मेंढरे राखणारा आणि उंबराची झाडे सांभाळणारा माणूस. उत्तरेत जाऊन बोलला आणि बेथेलच्या अमस्या याजकाने त्याला ‘तुझ्या देशात जा आणि तिथे भाकर खा’ म्हणून हाकलले.

आमोसाचा आठवा अध्याय मी कामावर असताना कितीदा तरी आठवला आहे. व्यापारी वाट पाहतात, अमावास्या कधी सरेल, शब्बाथ कधी संपेल, म्हणजे धान्य विकायला काढता येईल. आणि मग तो त्यांच्या युक्त्या मोजून सांगतो. एफा लहान करायचा, शेकेल मोठा करायचा, तराजू खोटा ठेवायचा, आणि गव्हाबरोबर कोंडाकचराही विकायचा. हे नीट पाहा. एफा हे धान्याचे माप, म्हणजे गिऱ्हाइकाला द्यायचे ते कमी. शेकेल हे रुपे तोलायचे वजन, म्हणजे गिऱ्हाइकाकडून घ्यायचे ते जास्त. एकाच सौद्यात दोन्हीकडून लूट. ज्याला बाजार आतून ठाऊक आहे, त्यालाच हे असे बोलता येते. याच अध्यायात आणि दुसऱ्यातही, रुप्यासाठी गरीब आणि एका जोड्यासाठी दुबळा विकला जातो असे आहे. कर्ज फिटले नाही की माणूसच कर्जापोटी विकला जाई, हा त्याचा अर्थ. आपल्या लेखात ‘मूर्तिपूजा’ हे एकच कारण आले आहे. राजांच्या पुस्तकाचा सतरावा अध्याय तसे म्हणतो, हे खरेच. पण आमोस काही कमी अधिकाराचा साक्षीदार नव्हे, आणि त्याच्या आरोपपत्रात बेथेलच्या वेदीइतकाच तराजूही आहे.

आता इ. स. पू. ७४५. यराबाम नुकताच गेला होता, आणि अश्शूरच्या गादीवर तिग्लथ-पिलेसर तिसरा आला. बायबल त्याला पूल असेही म्हणते. आधीचे अश्शूरी राजे लुटायला येत आणि परत जात. याने कायमची व्यवस्था लावली. आधी खंडणीवर मांडलिक ठेवायचे. मांडलिकाने कुरकुर केली की प्रदेश तोडायचा आणि आपल्या मर्जीतला राजा बसवायचा. पुन्हा कुरकुर झाली की राज्यच खालसा करून तिथे सुभेदार नेमायचा आणि लोक उचलून दुसरीकडे नेऊन बसवायचे. इस्राएल या तिन्ही पायऱ्या पंचवीस वर्षांच्या आत उतरले.

पहिली पायरी मनहेमाची. इ. स. पू. ७३८ च्या सुमारास अश्शूरच्या खंडणीच्या यादीत ‘शोमरोनचा मनहेम’ आहे. बायबल रक्कम आणि वसुलीची पद्धत दोन्ही देते, आणि असे फार कमी ठिकाणी होते: हजार किक्कार, आणि ती सर्व धनवान लोकांवर माणशी ५० शेकेल बसवून काढली. किक्कारात शेकेल किती? निर्गमच्या अडतिसाव्या अध्यायात ६,०३,५५० माणसांकडून अर्धा अर्धा शेकेल घेतल्याचा हिशेब आहे, आणि बेरीज १०० किक्कार १,७७५ शेकेल अशी दिली आहे. म्हणजे किक्काराला ३,००० शेकेल. (तो हिशेब शेवटच्या शेकेलापर्यंत जुळतो, कुणालाही करून पाहता येईल.) मग हजार किक्कार म्हणजे तीस लाख शेकेल, आणि माणशी ५० धरले तर ६०,००० खातेदार. उत्खननात सापडलेल्या वजनांवरून शेकेल साधारण साडेअकरा ग्रॅमचा, त्यामुळे एकूण रुपे ३४ टनांच्या घरात जाते. हजार हा ठोकळ आकडा आहे हे उघड आहे. तरीही कर भरण्याजोगी कुळे या लहानशा डोंगराळ राज्यात हजारोंनी होती, हे त्यावरून कळते, आणि यराबामाच्या काळची सुबत्ता किती खरी होती तेही.

पन्नास शेकेल ही रक्कम थोडी नव्हती. अश्शूरच्या त्या काळच्या व्यवहारपत्रांत गुलामाची किंमत साधारण त्याच्या आसपास दिसते, हे काही अभ्यासकांनी दाखवले आहे. प्रत्येक धनवानाने जणू स्वतःला सोडवून घेतले. पण धनवान ही रक्कम स्वतःच्या पेटीतून देऊन गप्प बसले असतील काय? आमोसाने वर्णन केलेल्या बाजारात तरी नाही. त्यांनी ती खालच्यांकडून, कुळांकडून, कर्जदारांकडून वसूल केली असणार. हा माझा तर्क आहे, पुरावा नाही. मनहेमाला त्या पैशातून काय मिळाले, ते मात्र वचनातच आहे: राज्य आपल्या हाती पक्के राहावे म्हणून त्याने ते दिले. म्हणजे खंडणी केवळ देश वाचवायला नव्हती, आपली खुर्ची वाचवायलाही होती. तो शल्लूमाचा खून करून गादीवर आला होता, आणि शल्लूम जखऱ्याचा खून करून.

इथून राजांचे पुस्तक वाचताना दम लागतो. जखऱ्या सहा महिने, शल्लूम एक महिना, मनहेम दहा वर्षे, त्याचा मुलगा पकह्या दोन वर्षे, मग पकह, मग होशे. सहापैकी चौघांचे खून, आणि त्यातल्या प्रत्येकाचा मारेकरी हाच पुढचा राजा. पकहाच्या नावापुढे वीस वर्षे लिहिली आहेत. मनहेम ७३८ मध्ये खंडणी देतो आणि पकह ७३२ च्या सुमारास संपतो, तेव्हा ती वीस बसत नाहीत. तो गिलादच्या ५० माणसांना घेऊन आला, त्यावरून यार्देन नदीच्या पूर्वेला तो आधीपासूनच स्वतंत्रपणे राज्य करत असावा आणि ती वर्षेही त्याच्या खाती धरली असावीत, असा एक खुलासा आहे. मला तो मानण्यासारखा वाटतो. मुख्य मुद्दा असा, की हे खून केवळ सत्तेचा हावरटपणा नव्हता. अश्शूरला पैसे देत राहायचे की देणे थांबवायचे, या एका प्रश्नावर दरबार उभा चिरला होता. मनहेम देणारा, पकह न देणारा. होशेय संदेष्ट्याने (होशे राजा वेगळा) दोन्ही पक्षांना एकाच वाक्यात झोडले आहे: एफ्राईम (म्हणजे इस्राएल) भोळे कबुतर आहे, मिसरला (इजिप्तला) हाक मारते आणि अश्शूरकडे जाते. पुढे बाराव्या अध्यायात तो म्हणतो, अश्शूरशी करार करतात आणि मिसरला तेल पाठवतात. तेल! खापरांवरच्या पावत्यांतले तेल कोणकोणत्या कामी जात होते, हे त्यातून सुचते.

पकहाने दिमिष्कच्या रसीनाशी हातमिळवणी केली आणि दक्षिणेच्या यहूदालाही आघाडीत ओढायला यरुशलेमवर चाल केली. यहूदाचा आहाज घाबरला. त्याने मंदिरातले आणि राजवाड्यातले सोने-रुपे काढून तिग्लथ-पिलेसरला पाठवले, ‘मी तुझा दास आणि तुझा पुत्र, ये आणि मला सोडव’ (२ राजे १६). तो येणारच होता, त्याला आमंत्रणाची गरज नव्हती. पण भावाच्या घरावर चालून जायचे भाडे भावाने भरले, हे वाचून मला अजूनही राग येतो. इ. स. पू. ७३२ पर्यंत दिमिष्क पडले, आणि इस्राएलचे गालील व गिलाद गेले. २ राजे १५ मध्ये गमावलेल्या गावांची यादी आहे. त्यातल्या हासोराच्या उत्खननात त्या वेळच्या विध्वंसाचा थर मिळाला, आणि त्यातच ‘पकहासाठी’ असे लिहिलेला घड्याचा तुकडा. तो पकह राजाच होता असे छातीठोक कुणी म्हणू नये, नाव काही राजाचेच असते असे नाही. खालच्या गालीलात पुढे बराच काळ वस्ती फार विरळ झालेली पाहणीत दिसते.

मग होशे. ‘त्यांनी आपल्या राजाला, पकहाला, उलथले आणि मी होशेला त्यांच्यावर नेमले,’ असे तिग्लथ-पिलेसर म्हणतो. बायबल म्हणते होशेने कट करून पकहाला मारले. दोन्ही खरे असू शकते. त्याच्या हाती उरला एफ्राईमचा डोंगराळ भाग. गालीलची शेते गेली, गिलादची कुरणे गेली, आणि खंडणी मात्र चालूच. मला विचाराल तर राज्य इथेच बुडाले. उत्पन्नाची निम्मी-अधिक खाती बंद झाली होती आणि देणे तसेच राहिले होते. पुढचे वेढा वगैरे हा जप्तीचा भाग झाला.

होशेने काही वर्षे भरणा केला, मग थांबवला, आणि मिसरच्या सो नावाच्या राजाकडे माणसे पाठवली. हा सो कोण यावर एकमत नाही, आणि त्या वेळचे मिसर स्वतःच चार-पाच राजांत फुटलेले होते. मदत आली नाही. शल्मनेसर पाचव्याने होशेला आधी कैद केले आणि मग शोमरोनला वेढा घातला, असा वचनांचा क्रम आहे. तसे असेल तर राजाशिवाय हे शहर तीन वर्षे लढले. याच होशेबद्दल पुस्तकाचा शेरा आहे की त्याने वाईट केले, पण आधीच्या इस्राएली राजांसारखे नाही. बुडत्या राज्याच्या शेवटच्या राजाला सगळ्यांत सौम्य शेरा! हे लेखकांनी कुठेतरी सांगायला हवे होते.

शोमरोन कुणी घेतले, यावरही दोन दावे आहेत. बाबेलची (बॅबिलोनची) बखर ते शल्मनेसरच्या नावावर घालते. त्याच्यामागून आलेला सर्गोन दुसरा आपल्या शिलालेखांत ते स्वतःच्या नावावर घेतो. ७२० मध्ये हमाथच्या बंडात शोमरोनही सामील होते आणि सर्गोनाने ते मोडले, त्यामुळे शहर दोनदा हाती आले असावे, हा आज बहुतेकांचा समज. गंमत अशी की शोमरोनात सरसकट जाळपोळीचा थर सापडत नाही. शहर भुईसपाट झाले नाही, ते अश्शूरी सुभ्याचे ठाणे झाले. सर्गोन तिथून २७,२९० माणसे नेल्याचे सांगतो, एका प्रतीत २७,२८०. त्यांतून त्याने रथांची तुकडीही उभारली. एका ठिकाणी ५० रथ आहेत, एका ठिकाणी २००. शोमरोनचे रथी पुढे अश्शूरच्या सैन्यात आपल्याच नावाच्या तुकडीत होते, हे अश्शूरच्या निमरूद शहरातल्या घोडदळाच्या याद्यांत दिसते. ‘हरवलेले’ लोक अश्शूरच्या हजेरीपटावर होते.

आता आपल्या लेखाच्या मथळ्यावर येते. सर्गोनाचे २७,२९०, आणि गालीलच्या मोहिमेच्या तुटक शिलालेखात वाचला जाणारा १३,५२० चा आकडा, दोन्ही मिळून ४०,८१०. हे बायका-मुलांसह असावेत. एकट्या मनहेमाच्या करदात्यांचा आकडाच ६०,००० येतो, कुटुंबे सोडून. अश्शूरचे इतर आकडे हरवले असतील, लढाईत आणि वेढ्यात पुष्कळ मेले असतील, तरीही दहा वंश उचलून नेले हा हिशेब कुठेच बसत नाही. नेले ते राजधानीतले, कारागीर, सैनिक, अधिकारी. उरलेले बहुसंख्य जागेवरच राहिले. त्यांच्यात बाबेल, कूथा, हमाथ इथले लोक आणून बसवले, ही २ राजे १७ ची माहिती. सर्गोन स्वतः अरब टोळ्या शोमरोनात वसवल्याचे सांगतो. काही लोक दक्षिणेला गेले असावेत. त्याच सुमारास यरुशलेम भरभर वाढले आणि तिथे सात मीटर रुंदीची नवी तटबंदी घालावी लागली.

आणि बायबलनेच पुढे दिलेले साक्षीदार कसे विसरायचे? शोमरोन पडून सव्वाशेहून अधिक वर्षांनी, यरुशलेमचे मंदिर जळाल्यावर, शखेम, शिलो आणि शोमरोनहून ऐंशी माणसे दाढ्या काढून, कपडे फाडून, परमेश्वराच्या घरासाठी अर्पणे घेऊन येतात (यिर्मया ४१). लूकच्या दुसऱ्या अध्यायात बाळ येशूला मंदिरात पाहणारी म्हातारी हन्ना आशेर वंशातली आहे. आशेर हा त्या दहांपैकीच एक. आपण मुलांना रविवारच्या शाळेत तिची गोष्ट सांगतो आणि पुढच्याच रविवारी दहा वंश हरवल्याचे सांगतो! आजही गरिज्जीम डोंगरावर आणि तेल अवीवजवळच्या होलोनमध्ये काही शेकडो शोमरोनी लोक आहेत, आणि ते स्वतःला एफ्राईम व मनश्शे यांचे वंशज मानतात.

काही वाचक म्हणतील, ही बाई देवाचा न्याय खंडणीच्या हिशेबात बसवते आहे. माझ्या वडिलांनीही कदाचित तसेच म्हटले असते. पण २ राजे १७ मध्ये घटना सहा वचनांत आहेत आणि त्यांची कारणमीमांसा पुढच्या सतरा वचनांत. लेखकाने दोन्ही वेगळे ठेवले आहे. सतरा वचने उपदेशात रोज ऐकू येतात. सहा वचनांकडेही कुणी पाहावे, एवढेच माझे मागणे आहे.

पुढच्या भागात यहूदाच्या पाडावावर लिहिणार असल्याचे लेखाच्या शेवटी म्हटले आहे. तर एक विनंती. बंदिवानांचे आकडे एकाच ठिकाणाहून घेऊ नका. २ राजे २४ मध्ये दहा हजार आहेत. यिर्मया ५२ मध्ये ३,०२३, ८३२ आणि ७४५ अशा तीन खेपा आहेत, बेरीज ४,६००. दोन्ही छापा आणि फरक का पडतो ते लेखकांना विचारा. आणि बंदिवान यहोयाखीन राजाला बाबेलच्या कोठारातून तेलाचा शिधा मिळत असल्याच्या मातीच्या विटा बर्लिनच्या संग्रहालयात आहेत, त्यात त्याच्या पाच मुलांचाही वाटा लिहिलेला आहे. तो तपशील जागेअभावी गाळू नये. पत्र लांबले आहे. कात्री लावायची असेल तर माझ्या वडिलांचा उल्लेख काढा, मनहेमाच्या रकमेला हात लावू नका.

आपली,
एक वाचक
(निवृत्त लेखापरीक्षक)